एक बोट, दोन तिकिटं

क्रूझच्या चौकशा सुरू झाल्या की माझ्या पुण्यातल्या टेबलावर एक प्रश्न हमखास येतो. एकाच जहाजाच्या लागोपाठच्या दोन सफरी घ्यायच्या आहेत, तर दोन वेगळी बुकिंग करायची की एकच लांब सफर म्हणून घ्यायची? आमच्या धंद्यात याला ‘बॅक-टू-बॅक’ म्हणतात. या महिन्यात आलेली चार पत्रं याच विषयावरची आहेत, म्हणून सगळी जागा त्यांनाच देते. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, पण त्या बेतातली चूक फार महाग पडते, म्हणून ते कापलं नाही.

प्रश्न : मी 64 वर्षांची, हे 71 चे. ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. मुलगा कॅलिफोर्नियात सनीव्हेलला असतो. पुढच्या मे महिन्यात आम्ही त्याच्याकडे असू. तो म्हणतो, सॅन फ्रान्सिस्कोहून व्हँकूवरला जाणारी चार रात्रींची क्रूझ घ्या, त्याच जहाजाची लगेच पुढची व्हँकूवर ते अलास्कातलं व्हिटियर ही सात रात्रींची सफर घ्या आणि अँकरेजहून विमानाने परत या. कंपनीच्या साइटवर अकरा रात्रींची अशी एक सफर दिसत नाही, पण या दोन वेगवेगळ्या दिसतात आणि दोन्हींत जागा आहे. मुलाचं म्हणणं, दोन बुकिंग करून टाकू, त्यात काय? करावं का?
*— एक वाचक, सांगली*

ताई, करू नका. आणि मुलाने कार्डाचा नंबर टाकायच्या आत हे त्याला वाचून दाखवा.

अकरा रात्रींची एकच सफर साइटवर का दिसत नाही, यातच उत्तर आहे. ती विकायला कंपनीला परवानगीच नाही. अमेरिकेत 1886 सालचा एक कायदा आहे, पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस अॅक्ट. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरात माणूस चढवायचा आणि अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात कायमचा उतरवायचा, हे त्या कायद्याने बंद केलं आहे. आपल्या बोटवाल्यांचा धंदा बाहेरच्यांनी खाऊ नये, हा तेव्हाचा हेतू. आज अलास्काला जाणारी जवळजवळ सगळी मोठी जहाजं बहामा, बर्म्युडा, पनामा, माल्टा किंवा नेदरलँड्सच्या झेंड्याखाली चालतात. त्यामुळे सव्वाशे वर्षांपेक्षा जुना हा कायदा तुमच्या सुटीपर्यंत येऊन पोचतो.

सॅन फ्रान्सिस्को ते व्हँकूवर चालतं, कारण व्हँकूवर कॅनडात आहे. व्हँकूवर ते व्हिटियर चालतं, तेही त्याच कारणाने. पण जहाज तेच असलं आणि दोन्ही सफरी जोडल्या, की कायद्याच्या हिशेबात तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोला चढलात आणि व्हिटियरला उतरलात. मधे व्हँकूवरला उतरून दिवसभर फिरून आलात, हातात दोन बुकिंग नंबर आहेत, पावत्याही दोन आहेत, यातलं काहीही तिथे मोजलं जात नाही. वाटेत एखादं ‘दूरचं’ परदेशी बंदर लागलं तर सूट मिळते. पण कॅनडा, मेक्सिको, बर्म्युडा आणि कॅरिबियनमधली बहुतेक बेटं ‘जवळची’ धरतात. दूरची म्हणजे दक्षिण अमेरिका, युरोप, आशिया इथली. अरुबा, बोनेर, कुरासाव ही बेटंही त्यात येतात. अलास्काच्या वाटेवर यातलं काही लागत नाही.

हा कायदा कागदावरच राहिलेला नाही. करोनाच्या काळात कॅनडाने आपली बंदरं क्रूझ जहाजांना बंद केली, तेव्हा अलास्काचा सगळा पर्यटनाचा हंगाम बुडायची वेळ आली, कारण चढायचं-उतरायचं बंदर एकच असलं तरी मधे कॅनडाचं बंदर घेतल्याशिवाय सिअॅटलची जहाजं अलास्काला जाऊन परत येऊ शकत नव्हती. मे 2021 मध्ये अमेरिकेच्या संसदेला तेवढ्यापुरती सूट देणारा वेगळा कायदा करावा लागला.

दंड नियमाप्रमाणे जहाजाला होतो, माणशी शेकडो डॉलर, आणि कंपन्यांच्या अटींमध्ये तो प्रवाशाकडून वसूल करण्याचं कलम असतं. पण गोष्ट बहुधा दंडापर्यंत जात नाही. त्याआधी कंपनीच्या कुणाच्या तरी लक्षात येतं आणि एक बुकिंग रद्द करायला सांगतात. ते कधी लक्षात येईल याचा मात्र नेम नसतो.

हे मी ठेच लागून शिकले आहे. 2016 साली ठाण्याच्या एका जोडप्याचं असंच बुकिंग मी स्वतः केलं होतं: लॉस एंजेलिस ते व्हँकूवर, आणि त्याच बोटीने पुढे अलास्कातलं सेवर्ड. दोन्ही बुकिंग दहा मिनिटांत कन्फर्म झाली. साइटने कुठे अडवलं नाही, फोनवरच्या माणसानेही नाही. सव्वादोन महिन्यांनी कंपनीचा तीन ओळींचा मेल आला की या दोघांचा एकत्र प्रवास कायद्यात बसत नाही, दोनपैकी एक सफर सोडा. त्यांनी अर्थातच अलास्का ठेवलं. पहिल्या सफरीचे पैसे परत आले. पण तोवर लॉस एंजेलिस ते व्हँकूवर विमानाचं भाडं चढलेलं होतं, आणि आदल्या रात्री व्हँकूवरला हॉटेल घ्यावं लागलं. तो सगळा खर्च मी भरला, कारण चूक माझी होती. काका मला एका शब्दानेही बोलले नाहीत, त्याने जास्त लागलं. तेव्हापासून अलास्काचं कुठलंही बुकिंग करताना मी कोऱ्या कागदावर फक्त दोन नावं लिहिते: पहिल्यांदा कुठे चढणार आणि शेवटी कुठे उतरणार. मधली सगळी बंदरं हाताने झाकते. दोन्ही नावं अमेरिकेतली आणि वेगवेगळी असली, की तिथेच थांबते.

तुम्हीही तेच करा. सॅन फ्रान्सिस्को, व्हिटियर. बसत नाही.

आता काय करता येईल ते सांगते. ऐकायला विचित्र वाटेल, पण याच बेतात आणखी सात रात्री वाढवून व्हिटियरहून त्याच जहाजाने व्हँकूवरला परत आलात, तर तोच बेत कायदेशीर होतो, कारण मग तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोला चढता आणि कॅनडात उतरता. किंवा व्हँकूवरला जहाज बदलून दुसऱ्या जहाजाने अलास्काला गेलात तरी चालतं. कायदा त्या त्या जहाजापुरता बघतो. पण गुडघ्यांची ऑपरेशनं झालेल्या माणसाला एका सकाळी सामानासकट उतरवून दुपारी दुसऱ्या जहाजाच्या रांगेत उभं करायचं, हे मी सुचवणार नाही.

माझं ऐकाल तर ती पहिली चार रात्रींची सफर सोडाच. तो बहुतेक सगळा प्रवास उघड्या पॅसिफिकमधून आहे, आणि मेच्या सुरुवातीला तिथे लाटा असतात. ज्यांना बोट लागते त्यांचे हाल होतात, आणि ज्यांना लागत नाही त्यांनाही चालताना सारखा कठड्याचा आधार घ्यावा लागतो. अडीच तासांच्या आसपासच्या विमानाने व्हँकूवर गाठा. तिथून पुढे अलास्काचा बराचसा मार्ग बेटांच्या आडून जातो, त्याला इनसाइड पॅसेज म्हणतात. पाणी पुष्कळदा तळ्यासारखं असतं.

व्हँकूवर ते व्हिटियर एकदा, की परतही त्याच बोटीने? व्हिटियरला उतरलात तर अँकरेजपर्यंत साधारण शंभर किलोमीटर बसने किंवा रेल्वेने जावं लागतं. वाटेत चार किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. त्यात गाड्या आणि रेल्वे एकाच मार्गावरून आळीपाळीने सोडतात, त्यामुळे थांबावं लागतं. बघण्यासारखी गोष्ट आहे, पण सामान चढवा, उतरवा, मग विमानतळ, हे सगळं त्याच दिवसात येतं. परत व्हँकूवरला त्याच बोटीने आलात तर बॅगा एकदाच उघडायच्या आणि चौदा दिवसांनी एकदाच बंद करायच्या. उणी बाजू एकच: केचिकन, जुनो, स्कॅग्वे ही बंदरं बहुधा दोन्ही वेळा लागतात. मला ती उणी वाटत नाही. केचिकनला वर्षाकाठी दीडशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. पहिल्या खेपेला धुकं आणि सरी मिळाल्या तर दुसऱ्या खेपेला डोंगर दिसेल. जुनोला एकदा मेंडेनहॉल हिमनदी बघा, दुसऱ्यांदा धक्क्यावर नुसते बसा. आणि स्कॅग्वेची व्हाइट पास रेल्वे तर तुमच्या ह्यांच्यासाठीच आहे. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांसाठी 1898 ते 1900 या काळात बांधलेली तीन फुटी नॅरोगेज गाडी, खिडकीशी बसून सगळी घाटवाट दिसते, एक पायरीही जास्त चढावी लागत नाही. माथेरानच्या गाडीत बसला असाल तर वळणं ओळखीची वाटतील. आपली दोन फुटी आहे एवढंच.

एक गोष्ट मात्र दोन्ही आठवड्यांची वेगळी तपासा. ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना सोडतात. त्यामुळे काही सफरींत ग्लेशियर बे असतं, काहींत त्याऐवजी हबर्ड ग्लेशियर किंवा कॉलेज फ्योर्ड. चौदा दिवसांत दोन वेगळ्या हिमनद्या मिळणार असतील तर तीच सफर निवडा.

या चौदा रात्री एक म्हणून घ्यायच्या की सात अधिक सात? तुमच्या बाबतीत मी एकच घेईन, चार-पाच हजार रुपये जास्त पडले तरी. केबिन एकच राहणार हे लेखी मिळतं. न्हाणीघरात धरायला दांडी असलेली केबिन हवी असेल तर ती एकदाच मागावी लागते. आणि कंपनीने पहिला आठवडा रद्द केला, उदाहरणार्थ जहाजाच्या दुरुस्तीसाठी किंवा कुणा मोठ्या गटाला ती फेरी पूर्ण विकली म्हणून, तर सगळ्या सफरीची जबाबदारी तिच्यावर येते. दोन बुकिंग असतील तर पहिल्याचे पैसे परत मिळतात, आणि दुसरं ठेवायचं की सोडायचं हा तुमचा प्रश्न होतो, तोही कधी कधी रद्द करण्याचा दंड भरून.

व्हिसाचं आजपासूनच बघा. या बेतात कॅनडात तुम्ही दोनदा शिरता: एकदा विमानाने, एकदा सफर संपताना. म्हणजे कॅनडाचा व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा घेतलेला बरा, आणि अमेरिकेचा आहे म्हणून कॅनडाचा लागत नाही असा गैरसमज कुणी करून दिला असेल तर तो काढून टाका. अलास्काच्या जहाजावर चढताना अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी व्हँकूवरच्या कॅनडा प्लेस धक्क्यावरच होते. प्रत्येक वेळी अमेरिकेत शिरल्यावर मुलाला तुमची आय-94 ही प्रवेशाची नोंद ऑनलाइन उघडून राहण्याची शेवटची तारीख बघायला सांगा. कॅनडात जाऊन आलो म्हणजे सहा महिने नव्याने मिळाले, असं गृहीत धरू नका.

प्रश्न : आम्ही दोघं नोकरी करतो. सप्टेंबरमध्ये भूमध्य समुद्रातली क्रूझ घ्यायची आहे: बार्सिलोना ते रोम सात रात्री, आणि त्याच जहाजाने रोम ते अथेन्स सात रात्री, मधे तुर्कस्तानातलं कुशादासी. एकाच चौदा रात्रींच्या सफरीचा भाव माणशी 3,12,000 रुपये आला आहे. दोन वेगळ्या घेतल्या तर 1,48,000 अधिक 1,51,000. म्हणजे तेरा हजार वाचतात. पण बायकोला दुसऱ्या आठवड्याची रजा मिळेलच असं नाही.
*— एक वाचक, ठाणे*

आधी ते तेरा हजार खरे आहेत का ते बघू. दोन्ही कोटेशनची शेवटची ओळ वाचा. तुम्ही पाठवलेल्या चौदा रात्रींच्या कागदात बंदर शुल्क आणि टिप्स धरल्या आहेत. सात-सातच्या कागदांत टिप्स ‘जहाजावर देय’ आहेत. बहुतेक मोठ्या कंपन्या माणशी रोज पंधरा ते वीस डॉलर टिप लावतात. सतरा धरले तरी चौदा दिवसांचे 238 डॉलर होतात, म्हणजे वीस हजार रुपयांच्या पुढे. तुमची बचत तिथेच संपली. उलट काही वेळा दोन बुकिंगला दोनदा ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्चायला कंपनीने दिलेली रक्कम, मिळतं, काही कंपन्या जुन्या ग्राहकांचे गुण रात्री मोजून देतात आणि काही सफरी मोजून, तिथे दोन बुकिंगचा फायदा होतो. म्हणून तुलना करताना कागदावर एकच आकडा आणा: घरातून निघून घरी येईपर्यंत खिशातून एकूण किती जाणार.

इतकं सांगूनही तुम्हाला मी दोन वेगळी बुकिंगच घ्यायला सांगेन, आणि त्याचं कारण तुमच्या पत्राच्या शेवटच्या वाक्यात आहे. रजा नक्की नाही. एकच लांब सफर घेतली की तिचा करार एक, त्यातून सात दिवस कापून देत नाहीत. सोडायची तर सगळी सोडावी लागते. दोन असतील तर दुसरं तेवढं रद्द करता येतं, मात्र पूर्ण रक्कम भरण्याच्या तारखेच्या आत. ही तारीख बऱ्याच कंपन्यांत सफरीच्या साधारण तीन महिने आधी असते आणि लांब सफरींना त्याहूनही आधी. दोन बुकिंगच्या तारखा वेगळ्या पडतात. दोन्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा आणि बायकोच्या साहेबांकडून त्याआधी उत्तर घ्या. त्या तारखेपर्यंत भाडं उतरलं तर बऱ्याच कंपन्या त्या एका सफरीचा भाव बदलून देतात, तेही विचारून ठेवा.

दोन बुकिंग घेताना तीन गोष्टी करून घ्या. दोन्हीकडे आधी एकाच नंबरची केबिन मोकळी आहे का बघा आणि मगच पैसे भरा; आज पहिलं, पुढच्या महिन्यात दुसरं असं केलंत तर तीच केबिन मिळेल याची खात्री नाही. ‘गॅरंटी’ नावाची स्वस्त केबिन घेऊ नका, तिचा नंबर कंपनी शेवटी ठरवते आणि मग मधे बदलावी लागतेच. आणि दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडून घ्या, म्हणजे जहाजावरच्या लोकांना तुम्ही पुढे राहणार हे आधीपासून माहीत असतं.

शेंगेन व्हिसाबद्दल, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीच्या एकाच व्हिसाबद्दल, तुम्ही काही विचारलं नाहीत, पण तुमच्या बेतातली नाजूक जागा तीच आहे. स्पेन, इटली, ग्रीस हे सगळे शेंगेनमध्ये, कुशादासी नाही. बोट तिथे लागली की तुम्ही शेंगेनबाहेर गेलात आणि पुढच्या बंदरात पुन्हा आत आलात. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर अथेन्सचं दार बंद. अर्जात अनेक वेळा प्रवेश मागा आणि तो का हवा ते एका कागदावर तारीखवार बंदरं लिहून दाखवा. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे सगळ्यात जास्त दिवस कुठे आहेत त्यावरून ठरतं, म्हणून हा तारखांचा तक्ता दोन्ही बुकिंग मिळून एकच करा. दोन वेगळी कन्फर्मेशन नुसती जोडून दिलीत तर बघणाऱ्याला मधे एक रात्र तुम्ही कुठे होता असा प्रश्न पडू शकतो. रोमच्या बंदरात म्हणजे चिविताव्हेक्कियाला जहाजावरच मुक्काम, असं स्पष्ट लिहा. विमा किमान 30,000 युरोचा आणि घर ते घर सगळ्या दिवसांचा एकच घ्या. तुर्कस्तानच्या व्हिसाचं कंपनीकडून लेखी विचारून ठेवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. सप्टेंबरसाठी मुंबईत जूनमध्ये अपॉइंटमेंट शोधायला लागलात तर उशीर झालेला असेल.

प्रश्न : आईला घेऊन सिंगापूरहून तीन रात्रींची आणि लगेच त्याच जहाजाची चार रात्रींची क्रूझ बुक केली आहे. दोन बुकिंग, दोन वेगळ्या केबिन. आई 70 वर्षांची, इन्सुलिनवर आहे. मधल्या दिवशी नेमकं काय होतं? तिला त्रास होईल का?
*— एक वाचक, कोल्हापूर*

मी माझ्या आईला 2019 मध्ये अशाच दोन सफरींवर नेलं होतं, आणि आमच्याही केबिन वेगळ्या होत्या. ती सकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते.

आदल्या रात्रीच दारात एक पत्र येऊन पडलं होतं: पुढच्या सफरीच्या प्रवाशांनी साडेनऊला अमुक हॉलमध्ये जमावं. सकाळी सात वाजल्यापासून जिने, लिफ्ट सगळीकडे बॅगा ओढणारी माणसं. कॉरिडॉरमध्ये मळक्या चादरींची गाठोडी दारादारांशी रचलेली. आमच्या केबिनच्या मुलाने कपाटातले कपडे हँगरसकट चाकाच्या स्टँडवर लटकवले, आईची नऊवारी वर आणि माझे कुर्ते खाली, आणि स्टँड ढकलत दोन मजले वर नवीन केबिनमध्ये नेऊन जसेच्या तसे टांगून दिले. म्हणजे टांगलेले कपडे पॅक करायला लागत नाहीत. खणातलं, बाथरूममधलं आणि तिजोरीतलं मात्र आपणच भरायचं. आईची मेतकुटाची बरणी पलंगाशेजारच्या खणात राहिली होती, ती त्याच मुलाने संध्याकाळी शोधून आणून दिली.

मग हॉल, तिथून रांगेने खाली उतरून इमिग्रेशन, आणि नवीन कार्ड घेऊन परत वर. या सगळ्याला दीड तास गेला. परत आलो तेव्हा जहाजावर कुणीच नव्हतं. पोहण्याच्या तलावाचं पाणी हललेलंही नव्हतं. आई वरच्या डेकवर एकटी बसून दूध-बिस्किटं खात होती आणि म्हणाली, आता जरा घर वाटतंय.

तुमच्यासाठी महत्त्वाचं ते सांगते. इन्सुलिन कुणाच्या हातात देऊ नका आणि बॅगेतही टाकू नका. त्या सकाळी ते गार राखणाऱ्या पिशवीत घालून खांद्याच्या पर्समध्ये तुमच्याजवळ हवं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. केबिनमधला छोटा फ्रिज बऱ्याचदा नुसता गार ठेवणारा असतो, तापमान भरवशाचं नसतं. औषधासाठी वेगळा फ्रिज आधी मागितला तर बहुतेक जहाजांवर देतात. पण तो दोन्ही बुकिंगवर मागा. दोन बुकिंग करणारे लोक सगळ्यात जास्त इथे चुकतात. पहिल्या बुकिंगवर लिहिलेलं काहीही आपोआप दुसऱ्यावर जात नाही. फ्रिज, व्हीलचेअर, शाकाहारी किंवा जैन जेवण, लवकरच्या वेळेचं टेबल, सगळं दोनदा. माझ्या आईचं लसूण नसलेलं जेवण चौथ्या दिवशी एकाएकी बंद झालं ते याचमुळे. नवीन सफरीच्या यादीत तिच्या नावापुढची जागा कोरी होती, आणि नव्या टेबलावरच्या वेटरला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. वायफायचं आणि पेयांचं पॅकेजही पहिल्या सफरीबरोबर संपतं.

जुनं कार्ड त्या दिवशी दुपारनंतर दार उघडत नाही, घाबरू नका. संकटकाळी जमायची कवायत पुन्हा करावी लागेल, कंटाळा न करता करा. केबिन बदलली की तुमची जमायची जागाही बदललेली असू शकते.

आताही कंपनीला एक फोन करून बघा. तुमच्या दोनपैकी कुठलीही एक केबिन दुसऱ्या सफरीतही मोकळी असेल तर पूर्ण रक्कम भरायच्या आधी बरेचदा फुकट बदलून देतात. आणि तुमचा सिंगापूरचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आहे ना, ते छापील कागदावर वाचून खात्री करा. मधल्या दिवशी उतरून इमिग्रेशनमधून परत यावं लागलं तर सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पुन्हा भरावं लागतं. ते येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, म्हणजे तुम्ही समुद्रात असताना. त्याची तयारी फोनवर आधीच करून ठेवा. ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही.

प्रश्न : एजंट म्हणतो, एक मोठं बिल करण्यापेक्षा दोन सफरींची दोन बिलं केली तर टीसीएस वाचेल. हे खरं आहे का?
*— एक वाचक, नागपूर*

नाही. परदेशी टूर पॅकेजवरचा टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने बिलाबरोबर आगाऊ घेतलेला आयकर, पॅन नंबरवर मोजतात आणि आर्थिक वर्षाच्या हिशेबाने मोजतात. एका वर्षात एका पॅनवर दोन बिलं झाली काय आणि चार झाली काय, बेरीज तीच. त्याचा दर अर्थसंकल्पात अधूनमधून बदलत आला आहे, त्यामुळे पैसे भरायच्या आठवड्यात त्या वर्षीचा दर सीएला विचारा.

त्यापेक्षा बिल कुणाच्या नावाने होतंय ते बघा. टीसीएस हा खर्च नाही, तो आगाऊ कापलेला कर आहे आणि रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो. पण ज्यांच्या पॅनवर कापला त्यांचंच रिटर्न भरावं लागतं. आई-वडिलांचं उत्पन्न करपात्र नाही म्हणून त्यांचं रिटर्न कुणी भरत नाही, बिल मात्र त्यांच्या पॅनवर होतं, आणि पैसे वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतात, असं मी दर हंगामात बघते. तसं बिल झालं असेल तर यंदा त्यांचं रिटर्न भराच. भरण्याआधी आयकर खात्याच्या साइटवरचा 26एएस हा कराचा उतारा उघडून रक्कम दिसते का ते तपासा, आणि दिसत नसेल तर त्याच दिवशी एजंटला टीसीएसचं प्रमाणपत्र मागा.